झटका मशीन, पाच तारा आणि परड्यातली जास्वंद

चितळं परड्यात येऊ नयेत म्हणून बाजारात जे जे मिळतं, त्यातलं बरंचसं आमच्या घराभोवती लागून गेलंय. सध्या आहे ते सौर कुंपण, ज्याला आमच्याकडं सगळे ‘झटका मशीन’ म्हणतात. बेळगावातल्या एका दुकानातनं घेतलं, दुकानानं धाडलेल्या माणसांनी बसवलं. उन्हाळा, वळीव, पावसाळा सगळं त्याच्यावरनं गेलंय, म्हणून आता लिहिते. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घालत नाही. डब्यावरची नावं वेगवेगळी असली तरी आतला माल आणि बसवायची रीत मी तालुक्यात जिथं जिथं बघितली तिथं सारखीच होती.

निकाल आधीच सांगून टाकते. मशीन चांगलं, दुकानदार भला माणूस, बसवणारे कच्चे. आणि ज्याच्या दारात पंधरा-वीसच झाडं आहेत त्यानं हे घेऊच नये. त्याच्यासाठी याहून स्वस्त आणि बिनभानगडीची गोष्ट आहे, ती पुढं सांगते.

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं, गावापासनं जरा सुटं. मागं काजू, काजूच्या मागं ओढा, ओढ्यापलीकडं रान. याच तालुक्यातलं भीमगडचं रान 2011 साली अभयारण्य जाहीर झालं. बारापेडेच्या गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांची चौकशी करत लांबलांबची माणसं या भागात येतात. आमच्याकडं येणारे चौकशी न करताच येतात. चितळांचा कळप, एकटंदुकटं भेकर, थंडीत कधीतरी सांबर. गव्याचं मी धरतच नाही. गवा आला तर कुठलं कुंपण चांगलं हा प्रश्नच उरत नाही, कुंपण कुठं होतं एवढाच उरतो.

शाळेतनं रिटायर झाल्यावर मी झाडांच्या नादाला लागले. परडं मोठं, सगळं मिळून वीसेक गुंठे. जास्वंदी निरनिराळ्या रंगांच्या, गावठी गुलाब, मोगरा, अबोली, शेवंती, एका बाजूला वालाचा मांडव, रताळ्याचे वेल, चिकूची रोपं. चितळांच्या आवडीनिवडी आता मला तोंडपाठ आहेत. पहिल्यांदा जास्वंदीच्या कळ्या आणि शेंड्याची पानं. मग गुलाबाचा तांबूस कोवळा फुटवा, तो काट्यासकट जातो. मग रताळ्याचा पाला. मोगऱ्याला तोंड लावून बघतात आणि सोडतात. कण्हेर, अडुळसा, रुई, घाणेरी यांच्या वाटेला जात नाहीत. अडुळसा तर शेळीसुद्धा खात नाही, तिथं चितळाचं काय. कुणी म्हणेल, मग तेवढंच लावा की. लावलंय. ओढ्याच्या अंगाला सगळी अडुळशाची रांग आहे. पण देवाला रोज अडुळसा वाहायचा काय?

दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, “अक्का, काय येतंय? डुक्कर, गवा, हरीण?” मी म्हटलं, चितळ. “बघितलंय काय डोळ्यानं?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण निम्मे लोक सशाचा राग हरणावर काढतात. खाल्लेला शेंडा हातात घेऊन बघावा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी आणि वरच्या हिरडीनं धरून ते हिसका देतं, त्यामुळं देठ फाटलेला, धसमुसळा, साल लोंबत असलेला दिसतो. सशानं खाल्लं तर देठ कोयत्यानं तिरका छाटल्यासारखा स्वच्छ, आणि तोही जमिनीपासनं हातभर उंचीच्या आतला. माझ्या जास्वंदीचे छातीच्या उंचीवरचे शेंडे फाटलेले होते. चितळ मागच्या पायांवर उभं राहून वरचं ओढतं, हे मी खिडकीतनं बघितलेलं. चिकूच्या रोपाची साल गुडघ्याच्या वर सोलवटलेली होती ती खाल्लेली नव्हती. ते नराचं काम, शिंगं घासायचं. आणि चितळाचं असं नाही की शिंगं गाळायचा एकच ठरलेला महिना. कळपात कुणाची शिंगं मखमलीत, कुणाची टणक, वर्षभर कुणी ना कुणी झाड शोधत असतंच.

आधीचे उपाय भरभर सांगते. जुन्या साड्या बांधल्या, पहिले काही दिवस चितळं बिचकली, मग साडीखालनं मान घालून खायला लागली. न्हाव्याकडचे केस आणून टाकले, त्यानं काही झालं नाही, परडं तेवढं घाण दिसायला लागलं. गोव्याकडनं आणलेली मासेमारीची जुनी जाळी मात्र कुणी लावू नये असं मी हात जोडून सांगेन. स्वस्त मिळते, किलोवर मिळते, सगळे लावतात. आमच्या जाळीत एक धामण अडकली. पुढं जायचा प्रयत्न करेल तसा नायलॉनचा धागा खवल्यांखाली रुतत गेलेला. ह्यांनी नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडला, मी बॅटरी धरून उभी. ती सुटून गेली तरी अंगावर वळ होते. शेजारच्या शिवारात नर चितळाची शिंगं अशाच जाळीत गुंतली होती, फॉरेस्टची माणसं येऊन सोडवून गेली. जाळी त्याच आठवड्यात काढली.

अंड्याच्या फवाऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो चालतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडं पांढऱ्या शेपटीची हरणं थेट वस्तीतल्या बागा खातात, आणि सडक्या अंड्याच्या भुकटीचा फवारा बाटलीत विकत मिळतो. वासात गंधकाचा अंश असतो, हरणाला त्यात मांसाहारी जनावराचा संशय येतो, म्हणून ते तोंड लावत नाही. आमच्या घरात अंडं येत नाही. सासूबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला, “फुलं देवाला वाहायची आणि त्यावर अंडं?” शेवटी तोडगा निघाला. फवारा फक्त रताळ्यावर आणि गुलाबाच्या पानांवर, जास्वंदीवर नाही, आणि तयार करायचा गोठ्यापलीकडं, वेगळ्या बादलीत. तीन-चार अंडी फेटून चार-पाच लिटर पाण्यात, ठेचलेला लसूण, थोडं दूध, झाकून दोन दिवस ठेवायचं, गाळून मारायचं. गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं आणि मग ते तोंडानं फुंकायला घरातलं कुणी तयार होत नाही. कोरड्या दिवसांत तीन आठवडे तरी चितळांनी पानाला तोंड लावलं नाही. पण नवीन फुटवा येतो त्याच्यावर फवारा नसतो, तो खातात. आणि पाऊस आला की संपलं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पानावर काय टिकणार? जूनपासनं सप्टेंबरपर्यंत हा उपाय बाद. आणि आपण खातो त्या पालेभाजीवर मारायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता मशीन. भिंतीवर लावायचा एक डबा, 12 व्होल्टची बॅटरी, पत्र्यावर बसवायचं छोटं सौर पॅनेल, 2 मिलिमीटरची गॅल्व्हनाइज तार, प्लास्टिकचे इन्सुलेटर, पिवळ्या पाट्या. आमचा घेर जवळपास 600 फूट, त्याला चाळीसेक लोखंडी अँगल, पाच पदर तार. खांब आणि मजुरी धरून चाळीस हजारांच्या आत बसलं. डबा सव्वा सेकंदाला एकदा टिक् करतो, आणि प्रत्येक टिक्‌ला तारेत आठ-नऊ हजार व्होल्टचा एक ठोका जातो. आकडा ऐकून सासूबाईंनी परड्यात जाणंच सोडलं होतं. पण तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, म्हणून जनावर दचकून मागं उडी मारतं, मरत नाही. मीही एकदा कोपर लावून घेतलंय, हात खांद्यापर्यंत झणझणला, पाच मिनिटांत विसरले. घरची 230 व्होल्टची लाइट आकड्यानं लहान, पण ती सलग वाहते आणि सोडत नाही. ती तारेत सोडणारे महाभाग आपल्याकडं अजून आहेत. त्यात डुक्कर मरतं, गवा मरतो, पहाटे पाणी सोडायला गेलेला घरचाच माणूस मरतो, आणि तो सरळ गुन्हा आहे. चितळाला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहेच.

बसवायला दोन पोरं आली. सकाळी आली, संध्याकाळी टेस्टर लावून दाखवला, सगळे दिवे लागले, “काकू, आता उंदीर पण येत नाही बघा,” म्हणून चहा पिऊन गेली. दिवाळीनंतरचे दिवस होते, जमिनीत ओल होती. जानेवारीपर्यंत खरोखरच काही आलं नाही. मार्च लागला आणि चितळं तारेतनं आत. तारेतनं म्हणजे अक्षरशः दोन तारांच्या मधनं, मान घालून, मग खांदे, मग सगळं अंग. मशीन टिक् टिक् करतच होतं.

दुकानाला फोन केला. दुकानदार म्हणाला पोरांना धाडतो. पोरं आली नाहीत. मग माझ्या हाताखालनं गेलेला एक मुलगा, आता वायरमनचं काम करतो, त्याला बोलावलं. शाळेत पाढ्यांना रडायचा. त्यानं आल्या आल्या मशीनकडं बघितलंच नाही, घराच्या मागं जाऊन अर्थिंगची कांब हातानं हलवली. ती हातात आली.

“बाई, ही दीड फूट पण नाही. आणि एकच.”

मग त्यानं मला जे समजावलं ते कुठल्याही माहितीपत्रकात इतकं सरळ लिहिलेलं नाही. मशीनमधनं ठोका तारेत जातो, तारेतनं जनावराच्या अंगात, पायातनं जमिनीत, आणि जमिनीतनं अर्थिंगच्या कांबीवाटे परत मशीनला. हा फेरा पुरा झाला तरच झटका. आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात पाणी पिऊन असते, मार्चनंतर वाळून खडक होते, आणि वाळलेल्या मातीतनं ठोका परत येत नाही. त्यात चितळाचा खूर कोरडा, अंगावरचे केस दाट. झटका नीट बसायचा तर ओलं नाक तारेला लागायला हवं.

त्यानं दोन गोष्टी केल्या. सहा-सहा फुटी तीन कांबा, एकमेकींपासनं दहा फुटांवर, न्हाणीघराचं पाणी जिथं जातं तिथं ठोकल्या. तिथं केळी आहेत, बारा महिने ओल असते. आणि पाच तारांपैकी दुसरी आणि चौथी तार मशीनच्या पॉझिटिव्हवरनं काढून अर्थिंगला जोडली. आता पहिली, तिसरी, पाचवी तार झटक्याची, मधल्या दोन अर्थिंगच्या. जनावर दोन तारांच्या मधनं मान घालायला गेलं की एकाच वेळी दोन्हीला लागतं, फेरा तिथल्या तिथं पुरा होतो, जमीन ओली असो की वाळलेली. एप्रिलच्या उन्हात हे मी समोर बघितलं. एक मादी आली, नेहमीच्या सवयीनं तोंड घातलं, आणि चारही पाय उचलून मागं पडली. सगळा कळप काजूतनं पार ओढ्याखाली. त्या मुलानं घेतले किती? कांबांचे पैसे आणि पेट्रोल. दुकानाच्या पोरांनी हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर खर्चात हजार-दीड हजाराचाच फरक पडला असता. म्हणून म्हणते, घेताना दुकानदाराला मशीनच्या वॉरंटीआधी विचारा, अर्थिंगच्या कांबा किती आणि किती फुटी. “एक पुरते” म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

फाटकाचं तसंच. फाटकाच्या एका बाजूची तार दुसऱ्या बाजूला न्यायची तर जमिनीखालनं वायर घालावी लागते. पोरांनी घरात बोर्डाला वापरतात ती साधी वायर पुरली. ती वायर 1100 व्होल्टसाठी बनवलेली, तीत आठ-नऊ हजारांचा ठोका सोडला की ओल्या जमिनीत तो वरच्या वर झिरपून जातो. पहिल्या जोराच्या पावसात फाटकापलीकडच्या सगळ्या बाजूचा टेस्टर अर्ध्यावर आला. कुंपणासाठी जाड दुहेरी आवरणाची वेगळी केबल मिळते, ती काळ्या पाइपमधनं घालून घेतली. हा खर्च वेगळा, आणि कोटेशनमध्ये तो कुणी लिहीत नाही.

उंचीचं काय, असं हमखास विचारतात. आमची वरची तार पाच फुटांवर आहे. चितळ मनात आणलं तर तेवढं उडेल, पण आणत नाही. बहुतेक वेळा ते खालनं घुसायला वाट शोधतं. त्यामुळं खरी राखण खालच्या तारेची, ती जमिनीपासनं आठ इंचांवर हवी. सांबराचं उलट. ते उंच, आणि हवेत असताना तारेला लागलं तरी पाय जमिनीवर नसल्यामुळं आमच्या एक तार झटक्याची, एक अर्थिंगची अशा जोडणीतसुद्धा झटका बसेलच असं नाही. त्यासाठी कुंपणाच्या बाहेर तीन फुटांवर, अडीच फूट उंचीवर, एकच जादा झटक्याची तार ओढून घेतली, चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांवर. उंची आणि रुंदी दोन्हींचा अंदाज एकदम घ्यायला हरणाला जड जातं, म्हणून ते उडीच मारत नाही, ही कल्पना भाच्याकडची. त्याचीच दुसरी कल्पना, तारेवर ॲल्युमिनियमच्या कागदाच्या चकत्या टांगून त्याला पिनट बटर फासायचं, म्हणजे हरीण वासानं येतं, नाक लावतं आणि जन्माची अद्दल घडते. मी शेंगदाण्याचं कूट तेलात कालवून लावलं. रात्रीत मुंग्यांनी चकत्या धुतल्यागत स्वच्छ केल्या. अमेरिकेत मुंग्या नसतात काय, हे त्याला विचारायचं राहिलंय.

पावसाळ्याबद्दल कुणी दुकानदार बोलत नाही, कारण कुंपण विकायचा हंगाम दिवाळीनंतरचा. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात गवत ज्या वेगानं वाढतं ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. गवताचं ओलं पातं तारेला टेकलं की ठोका त्यातनं जमिनीत जातो. एका पात्यानं काही होत नाही, 600 फूट घेराला शेकडो पाती टेकली की तार मेल्यात जमा. आठवड्यातनं एकदा तारेखालची दोन फुटांची पट्टी कापावी लागते, विळ्यानं, आधी मशीन बंद करून. आम्ही आळीपाळीनं करतो, एक आठवडा हे, एक आठवडा मी, आणि भांडणाचा आठवडा गडी. तणनाशक मारा असा सल्ला मिळाला होता, पण उताराचं पाणी विहिरीकडं जातं, म्हणून नाही मारलं.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात वाईट वाटली. खालची तार झटक्याची असली की बेडूक तिला टेकतात. चितळ दचकून पळतं, बेडूक पळत नाही, तिथंच बसून पुढचा ठोका खातो, आणि त्याच्या पुढचा. सकाळी तारेखाली सापडायला लागले. तेव्हापासनं जून ते सप्टेंबर खालची तार मशीनमधनं सोडवून अर्थिंगला जोडतो, त्यासाठी त्या मुलानं एक खटका बसवून दिलाय. तेवढ्या दिवसांत भेकर खालनं येऊ शकतं. येतंही. एक येतं, ओहोळाच्या तोंडाकडनं, जिथं पाण्यानं माती वाहून तारेखाली खळगा पडतो. तो खळगा दगडांनी भरला की महिनाभर बरं, मग मोठा पाऊस, मग परत. भेकराचं खाणंही कळपासारखं नसतं, चार पानं ओढतं आणि जातं. त्याच्याशी माझं जमलंय.

वळवाच्या विजा सुरू झाल्या की मशीनच्या दोन्ही वायरी काढून ठेवायच्या. एवढी लांब तार उघड्यावर म्हणजे विजेला आमंत्रण, आणि वीज पडून मशीन गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही. आमचं शाबूत आहे, पण याच बाजूच्या एका काजूवाल्याचं पहिल्याच वळवात गेलं. मशीन बंद असताना चितळं येत नाहीत काय? महिना-दोन महिने झटके खाल्लेला कळप तारेकडं नुसतं बघून वळतो. पण फार दिवस बंद ठेवलं तर कुणीतरी धीट मादी तपासून बघतेच, आणि एकीनं बघितलं की सगळी आली.

आता वर म्हटलेली स्वस्त गोष्ट. फूटभर अंतर सोडून झाडाभोवती वेल्डमेशचं, म्हणजे लोखंडी तारेच्या जाळीचं, गोल कडं, पाच फूट उंच, दोन लोखंडी खुंट्यांना तारेनं आवळलेलं. तीन फुटी कड्याला दहा फूट जाळी लागते, एका झाडाला चारशेच्या आसपास खर्च. भोक दोन इंचांचं घ्या, त्यातनं तोंड जात नाही. जाळी झाडाला चिकटवून लावू नका, बाहेर आलेला शेंडा ते बाहेरनं खातात. चिकूच्या रोपांना मी झटका कुंपणाच्या आतही हेच लावलंय. साल परत चढली, यंदा फुटवाही चांगला आहे. याला बॅटरी नाही, गवत कापणं नाही, अर्थिंग नाही, बेडूक मरत नाही. गावातल्या घरांना, ज्यांच्या दारात दोन जास्वंदी, एक कढीपत्ता आणि चार गुलाब आहेत, त्यांना मी हेच सांगते. तरी लोक झटकाच घेतात, कारण शेजाऱ्यानं घेतलेला असतो आणि त्याची टिक् टिक् रात्री ऐकू येते.

ज्याचं परडं मोठं, घराला लागून रान, आणि घरात दर आठवड्याला तारेवरनं एक फेरी मारणारं माणूस आहे, त्यानं झटका जरूर घ्यावा. जास्वंदीला आता फुलं आहेत, रोज टोपली भरून. कळप अजून येतो, संध्याकाळी फणसावर वानरं असली की त्यांनी टाकलेला पाला खात बाहेरच्या तारेपर्यंत चरतो. पाच तारांच्या आत मात्र येत नाही.

काजूची मोठी बाग, पाच-सहा एकरांची, असणाऱ्यांनी माझ्या हिशोबावर जाऊ नये. तिथं तार लांबते तसं मशीन मोठं लागतं, शिवाय मुख्य त्रास डुकराचा. माझा अनुभव वीस गुंठ्यांचा आहे.

गुण द्यायचे तर मशीनला दहापैकी आठ. बसवण्याला तीन, तेही पोरं वेळेवर आली म्हणून. दुकानदाराला सात. फोन उचलतो, मराठीत नीट बोलतो, बॅटरीचं पाणी कधी बघायचं ते स्वतःहून सांगितलं, टेस्टर फुकट दिला. बॅटरीची पावती मात्र मशीनच्या बिलातच घातली होती, ती भांडून वेगळी करून घेतली. बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीकडनं मिळते आणि तिथं एकत्र बिल चालत नाही, तेव्हा दुकानातनं निघायच्या आधी तेवढं बघून घ्या. तारखेचा शिक्काही मारून घ्या.